कडेकडेनं चालणारी

आमची वन्सं खोलीच्या मधून चालत नाही. कडेकडेनं, भिंतीला धरून जाते. दारापासून पलंग म्हणजे सरळ चार ढांगा, पण ही बाई कपाटाजवळून, खिडकीखालून, टेबलामागून असं गावभर फिरून पलंगावर पोचते. तिच्या खोलीतली सतरंजी बघा, कडेनं दोरे निघालेत आणि मधे दुकानातून आणली तशी नवी कोरी. नवीन माणसाला वाटतं, हिचं काहीतरी पडलंय, भिंतीशी शोधतेय. मी सांगते, "तिला सवय आहे." आणखी काय सांगणार, कपाळ?

मी तिची वहिनी. कॉलेजच्या गेटासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानाच्या वर आमचं घर. मी लग्न होऊन आले तेव्हा ही शाळेत होती. सासूसासरे आधीच गेलेले, त्यामुळे माझा नवरा तिचा भाऊही आणि बापही. आणि मी? मी भांडायला. आमचं दिवसातून दोनदा वाजायचं आणि दोनदा मिटायचं. माझी लिपस्टिक लावून शाळेत जायची आणि वर मलाच सांगायची, "वहिनी, हा रंग तुला नाही शोभत." अशी आगाऊ कार्टी.

आकड्यांचं वेड तिला तेव्हापासूनच. संध्याकाळी दुकानात येऊन बसायची आणि शाईची बाटली कधी संपायला हवी होती आणि कधी संपली, यावरून माझी उलटतपासणी घ्यायची. "एवढी शाई गेली कुठं?" अगं बाई, प्यायले मी! पण तिचं बरोबर निघायचं. मशीन गळत होतं, ते हिच्यामुळेच कळलं. त्या दिवशी नवऱ्यानं जाहीर करून टाकलं, हिला अकाउंट्सच्या डिग्रीला घालायचं. तिलाही तेच हवं होतं. फरक एवढाच, नवऱ्याला ती बँकेत बसलेली दिसत होती आणि तिला ऑडिटर व्हायचं होतं. म्हणजे लोकांनी लिहिलेलं खरं आहे का, ते जाऊन बघायचं. "सगळे लिहितात वहिनी. बघायला कोणी जात नाही," असं म्हणायची. हे तिचंच वाक्य, लक्षात ठेवा.

कॉलेजातली ती वर्षं मजेत गेली. तिची अख्खी टोळी माझ्या काउंटरवर पडीक असायची. नोकरीचे अर्ज छापायला येणारी पोरं मी रोज बघते. सगळ्यांच्या अर्जात तेच, कष्टाळू, प्रामाणिक, बारकाईनं काम करणारा. एकानं तर प्रामाणिकच चुकीचं लिहिलं होतं. या टोळीचे बेत मला पाठ होते. कोणी कर सल्लागाराकडे जाणार, कोणी कारखान्यात खर्चाचे हिशोब मांडणार, एकीला सरकारी परीक्षा द्यायची होती, एकाला कॉलेजात शिकवायचं होतं. आणि लंबूला बँकेत जायचं होतं, कारण तिथं एसी असतो.

लंबू म्हणजे तिच्या वर्गातला. एवढा उंच की माझ्या दुकानाच्या शटरला रोज डोकं आपटायचा आणि रोज शटरलाच "सॉरी हं" म्हणायचा. नकला करायचा, प्राध्यापकांच्या, माझ्या, माझ्या मशीनच्यासुद्धा. बाप नव्हता. आई कुठंतरी आया म्हणून काम करायची, तिनं एकटीनं वाढवलेला. वन्संचं आणि त्याचं काही होतं का? मी विचारलं नाही. पण तो दिसला की ही केस मागं सारायची, एवढं मला दिसत होतं. मीही बाईच आहे.

शेवटच्या वर्षाला त्यांना एका ऑफिसात काम शिकायला जावं लागतं. त्या दोघांना एकाच ऑडिटरकडे लावलं. त्यांना सगळे सर म्हणायचे. सरांकडे गोदामांची कामं जास्त. बँका धान्याच्या मालावर गोदामवाल्यांना कर्ज देतात, आणि तो माल खरंच आहे का ते बघायला सरांची माणसं जायची.

तिथली मोजायची पद्धत वन्संनं मला काउंटरवर खोडरबरं रचून समजावली होती. पोती एकावर एक रचून छपरापर्यंत नेतात, ती थप्पी. लांबी, रुंदी, उंची घेतली, गुणाकार केला की किती पोती ते कळतं. पण कधी? थप्पी आतून भरलेली असेल तर. लबाड माणूस चारी बाजूंनी पोती रचतो, मधे पोकळ ठेवतो, वर फळ्या टाकतो आणि फळ्यांवर पोत्यांचा एक थर. बाहेरून माल, आत हवा. म्हणून सरांचा नियम होता, दोघांनी जायचं. एकानं शिडीनं वर चढायचं आणि कडेपासून मधापर्यंत एकेक पाऊल टाकायचं. प्रत्येक पावलाला आधी टाच आपटायची, खाली घट्ट लागलं तरच पुढं सरकायचं. मधोमध पोचलं की ओरडायचं, "भरीव!" खालचा विचारणार, "लिहू?" वरचा म्हणणार, "लिही." मगच खालच्यानं लिहायचं. आणि पुढच्या खेपेला अदलाबदल, खालचा वर, वरचा खाली.

त्या दिवसांत ही वरच्या खोलीत सराव करायची. मी खाली दुकानात, आणि डोक्यावर धप्, धप्, धप्. मग आरोळी, "भरीव!" एकदा गिऱ्हाईक घाबरून छताकडे बघायला लागलं. मी जिन्यातून ओरडले, "घर भरीव आहे गं बाई, बापानं बांधलंय तुझ्या! आता खाली ये." ती हसत हसत जिना उतरून आली.

आता पुढचं सांगते. हे मला तिनं नंतर सांगितलं, पण मी क्रमानंच सांगते.

एका मोठ्या गोदामात त्यांची पहिली मोजणी होती. वर चढायची पाळी हिची. दिवसभर थप्प्या चढून उतरून पायात गोळे आलेले, शेवटची थप्पी राहिलेली. तीच सगळ्यात उंच. ही शिडीनं वर गेली, कडेच्या पोत्यावर उभी राहिली. वर ताडपत्री अंथरलेली होती आणि ती मधे थोडी बसल्यासारखी दिसत होती. थोडीच. ताडपत्री बसतेच. छप्पर डोक्याला लागत होतं, अंधार, धूळ, आणि खाली बघितलं तर लंबू बोटाएवढा. ही घाबरली. शुद्ध घाबरली, दुसरं काही नाही. मधे गेलीच नाही. उभी होती तिथंच, कडेच्या पोत्यावर टाच आपटली, थोडं थांबली, पुन्हा आपटली, म्हणजे खाली वहीत मान घालून उभ्या लंबूला वाटावं बाई चालतेय. आणि ओरडली, "भरीव!"

खालून आवाज आला, "लिहू?"

"लिही."

झालं. लंबूनं लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, सरांनी शाबासकी दिली, संपलं.

सहा महिन्यांनी पुन्हा तेच गोदाम. आता चढायची पाळी लंबूची. त्या थप्पीची शिडी चढता चढता त्यानं वरून विचारलं, "ही मागच्या वेळी भरीव होती ना गं?"

मी तिला कितीदा म्हटलं असेल, अगं, तेव्हा तरी बोलायचंस! म्हणायचंस, अरे, मी मधे गेले नव्हते, जपून जा. एक वाक्य. पण ते वाक्य म्हणायचं म्हणजे मागची सही खोटी होती हेही म्हणायचं, आणि बाजूला गोदामाचा वॉचमन उभा. ही म्हणाली, "हो. भरीव होती."

तो मग टाचबीच आपटत बसला नाही. उशीर झाला होता, भूक लागली होती, मैत्रिणीनं सांगितलंय भरीव आहे. सरळ चालत गेला, हात मागं बांधून, आणि ही मागं सरून वर बघत होती. मधे पोचला आणि फळी मोडली. तो आत गेला आणि चारी बाजूंची पोती त्याच्यावर आली. हमालांनी ती उपसेपर्यंत ही खाली उभी होती, पेन तसंच हातात.

दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. मीही तिथं गेले होते. त्याची आई तिथं बाकावर बसली होती. रडत नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारत होती, "असं कसं झालं? असं कसं झालं?"

मग चौकशी झाली. गोदामवाल्यानं काखा वर केल्या. म्हणे पहिल्या मोजणीनंतर माल मधून काढला होता, पण फळ्या भक्कम होत्या, चालणाऱ्या माणसाला काही झालं नसतं. पोरगं वर उड्या मारत होतं. वॉचमननं छातीवर हात ठेवून सांगितलं, हो, उड्या मारत होता, मी बघितलं. सरांना ते सोयीचंच होतं, पहिली मोजणी बरोबर आणि दुसऱ्या वेळी पोराचा वात्रटपणा. ते म्हणाले, मुलगा गुणी होता पण जरा थिल्लर, सारखी मस्करी. कॉलेजात विचारलं, तर तिथंही सगळे म्हणाले, हो, नकला करायचा. हिला विचारलं, तो उड्या मारत होता का? बघणारी खरी हीच एकटी. आणि ही म्हणाली, "मला दिसलं नाही. मी लिहीत होते."

का म्हणाली ते उघड आहे. चालत होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग टाच का नाही आपटली त्यानं? आणि त्याचं उत्तर हिच्यापाशी होतं.

त्याची आई तिथं बसून हे सगळं ऐकत होती.

महिन्याभरानं एका दुपारी हिनं आम्हाला दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "कोणाला सांगायचं नाही. परीक्षा तोंडावर आलीय. डिग्री हातात येऊ दे, मग बघू." मी म्हटलं, "आणि ती आई?" तर म्हणाला, "थप्पी पोकळ कुणी केली? हिनं केली? तो गोदामवाला मोकळा फिरतोय आणि माझ्या बहिणीनं फासावर जायचं?" त्याचंही खोटं नव्हतं. मी भांडले, भांडी आपटली, दोन दिवस बोलले नाही. पण वन्संनं भावापुढं मान हलवली आणि तोंडाला कुलूप घातलं.

आणि त्याच आठवड्यात ती कडेनं चालायला लागली.

परीक्षेला तिनं भिंतीकडची जागा मागून घेतली. घरी आली तर पांढरीफटक. म्हणाली, "वहिनी, प्रश्न वाचला की तो विचारतो, लिहू?" मी म्हटलं, "कोण?" विचारायची गरज नव्हती, मला कळलं होतं. "प्रत्येक प्रश्नाला विचारतो. मी लिही म्हटल्याशिवाय माझा हातच चालत नाही." पर्यवेक्षकानं तिला दोनदा दम दिला, कोणाशी बोलतेस म्हणून. अशी, पुटपुटत, तिनं अकाउंट्सची डिग्री काढली. पहिल्या वर्गात. नवऱ्यानं गल्लीभर पेढे वाटले आणि ही खोलीत भिंतीला टेकून बसली होती.

डिग्री हातात आली. मग नवरा म्हणाला, आता नोकरी लागू दे. बँकेत लागली. तिथला हॉल म्हणजे हे एवढं मैदान, मधे चकचकीत फरशी. ही चहा घ्यायलासुद्धा खुर्च्यांमागून वळसा घालून जायची. लोक हसायचे. कर्जाच्या विभागात टाकली आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणालं, माल बघून या. ही घरीच आली, परत गेली नाही. मग कर सल्लागाराकडे. तिथं बरं चाललं होतं, पण कागदाखाली "तपासले" म्हणून सही करायची वेळ आली की पाच पाच वेळा तेच बघत बसायची, पक्षकार कंटाळून जायचे. मग एका कॉलेजात शिकवायला लागली. मला वाटलं, चला, आता गाडी रुळावर आली. पोरांना आवडायचीही. एक दिवस ऑडिटचा तास चालू होता आणि पुढच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "मॅडम, पण प्रत्येक वेळी वर चढायलाच हवं का? खालून अंदाज येतो की." ही फळ्याला पाठ लावून तास संपेपर्यंत उभीच राहिली. प्राचार्यांनी मला फोन केला, मी जाऊन तिला घरी घेऊन आले.

आणि प्रत्येक वेळी नवऱ्याचं तेच, हे जरा स्थिर होऊ दे, मग बघू. स्थिर! माणूस कडेकडेनं चालतंय आणि हा स्थिर म्हणतो.

तुम्हाला वाटेल ही बया भुताखेतांच्या गोष्टी सांगतेय. मी असल्या गोष्टींना भीक घालत नाही. पण एका दुपारी वन्सं माझ्यासमोर दुकानात बसून कागदांना पिना मारत होती, नवरा कामाला गेलेला, वर घराला कुलूप. आणि डोक्यावर धप् झालं. मग धप्. मग धप्. भिंतीपासून निघून खोलीच्या मधाकडे. मी हिच्याकडे बघितलं. ही पिना मारत होती, मान खाली, पण हात थांबला होता. मी म्हटलं, "नळात हवा भरली असेल." ती म्हणाली, "हो." मी वर जाऊन बघितलं नाही. खरं सांगते, संध्याकाळी नवरा येईपर्यंत मी वर गेलेच नाही.

अशी किती वर्षं गेली. शेवटी एका हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये तिला चिकटवली. छोटी खोली, टेबल भिंतीला, समोर स्क्रीन, कुठं जायचं नाही, काही बघायचं नाही. तिथं टिकली. या वर्षी तिला कायम करणार होते. नवरा खूश, म्हणे सुटलो एकदाचे.

आणि मग ती बाई माझ्या दुकानात आली.

मी चेहरा विसरत नाही. केस पिकले होते, चष्मा लागला होता, पण दवाखान्यातल्या बाकावरची बाई तीच. तिनं मला ओळखलं नाही, ओळखणार कशी. म्हणाली, पलीकडच्या गल्लीत मी पाळणाघर काढलंय, पालकांना द्यायला नियम छापून हवेत. हातानं लिहिलेला कागद दिला. मी टाइप करायला घेतला. मुलाला डबा द्यावा. कपड्यांचा जोड द्यावा. ताप असल्यास आणू नये. आणि मग, एकटाच, मोठ्या अक्षरांत, खाली रेघ मारलेला, "उड्या मारणाऱ्या मुलाला ठेवून घेतले जाणार नाही."

मी म्हटलं, "अहो, लहान पोरं उड्या मारणारच की."

"माझ्याकडे नाही मारत," बाई म्हणाली. "मी मारू देत नाही. माझा मुलगा त्यानंच गेला. एवढा मोठा घोडा, शिकलेला, पोत्यांवर उड्या मारत होता." हे तिनं असं सांगितलं, जसं काही तो कालच गेला आणि ती अजून त्याच्यावर चिडलेली आहे.

माझ्या हातून दोन प्रती वाया गेल्या. बाई गेल्यावर मी त्यातली एक घेऊन वर गेले आणि वन्संच्या पुढं ठेवली. कोणाचा कागद आहे ते सांगितलं. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.

"मला वाटत होतं," ती म्हणाली, "तिला त्याची आठवण येत असेल. रडत असेल. मी रोज तेच डोळ्यांपुढं आणायचे. वहिनी, ती रागावलीय गं त्याच्यावर."

रात्री जेवताना तिनं भावाला सांगितलं, मी उद्या जाणार. नवरा भडकला. कायम व्हायचं पत्र आठवड्यात येईल, थांब. पोलिसांनी केस पुन्हा उघडली तर? खोटी साक्ष दिलीस म्हणून नोकरी जाईल, डिग्रीला कुत्रं विचारणार नाही. इतकी वर्षं काढलीस, आता काय खाज सुटलीय? त्यावर मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हातातला घास ठेव आणि ऐक. डिग्री झाली, नोकऱ्या झाल्या, तुझी बहीण कुठाय? दाखव मला. हॉस्पिटल जिला कायम करतंय ती कोण आहे, ते मला तरी माहीत नाही!" नवरा उठून गॅलरीत गेला. आत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "एकटी जाऊ नकोस. हिला घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा पाळणाघर सुटत होतं. जिना चढून वर एक मोठी खोली, भिंतींना रंग, गुडघ्याएवढ्या खुर्च्या. शेवटचं पोर बापाचा हात धरून निघालं होतं, पहिल्या पायरीवर त्यानं दोन्ही पाय जुळवले आणि बाई दारातून कडाडली, "ए! चालत!" पोर चालत गेलं.

"कोणाचं मूल आहे?" बाईंनी आम्हाला विचारलं.

"मुलासाठी नाही आलो," मी म्हटलं.

वन्सं म्हणाली, "मावशी, गोदामात त्याच्याबरोबर मी होते. खाली."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तू ती. तू म्हणाली होतीस, दिसलं नाही."

"दिसलं होतं."

मग तिनं सगळं सांगितलं. मला भीती होती, ही रडेल, पाया पडेल, गोंधळ घालेल. तसं काही नाही. शिडी, ताडपत्री, कडेच्या पोत्यावर आपटलेली टाच, लबाडीनं मारलेली हाक, आणि त्यानं शिडीवरून विचारलं तेव्हा दिलेलं उत्तर. काही गाळलं नाही, स्वतःच्या बाजूनं एक शब्द घातला नाही. बाई एका छोट्या खुर्चीवर बसल्या होत्या, गुडघे वर आलेले.

"उड्या?" त्यांनी विचारलं.

"नाही मारल्या. एकही नाही. चालत गेला."

"फिदीफिदी हसत असेल. नकला करत असेल कुणाच्या."

"नाही मावशी. काम करत होता. मी भरीव म्हटलं होतं म्हणून चालत गेला."

"काम करत होता," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, जणू मी साक्षीदार. मी मान हलवली. मी कुठं होते तिथं? पण हलवली.

मग त्या बोलायला लागल्या. आमच्याशी नव्हे, समोरच्या खुर्च्यांशी. "रोज शिव्या घालते मी त्याला. उठल्या उठल्या. म्हणते, मी लोकांची पोरं पुसली, धुतली, तुला कॉलेजात घातलं आणि तू पोत्यांवर नाचलास. मूर्खा, नालायका, म्हणते. फोटो कपाटात उलटा घालून ठेवलाय. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही मी. शेजारच्या बायका म्हणायच्या, दगड आहे. मीही म्हटलं, असू दे दगड. असल्या पोरासाठी काय रडायचं?"

वन्सं खाली बसली, त्यांच्यासमोर, फरशीवर. "मला बोला मावशी. मारा. मी लिहून देते, चौकीवर येते, तुम्ही म्हणाल तिथं येते."

"थांब गं जरा." बाईंनी हात वर केला. आवाज चढला नव्हता. "तुझं मी बघणार आहे. सोडणार नाही तुला, कळलं? चौकीवरही नेईन. पण आज नाही. आज मला वेळ नाही तुझ्यासाठी. आधी त्याची माफी मागायचीय मला." त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि कपाटाकडे वळल्या. "जा तुम्ही. दार ओढून घ्या."

मी दार ओढून घेतलं. आम्ही पाचसहा पायऱ्या उतरलो असू, तेवढ्यात आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मग हाक ऐकू आली. आम्ही त्याला लंबूच म्हणायचो, कॉलेजातही सगळे तेच म्हणायचे. घरचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, वन्संलासुद्धा नाही. ते त्या जिन्यात पहिल्यांदा कळलं. दोन अक्षरांचं, अगदी तान्ह्या पोराचं नाव. बाई ते घेत होत्या, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, दिवेलागण झाली तरी पोरगं खेळून घरी आलं नाही की आई खिडकीतून हाका मारते तसं.